हौसेच्या उपग्रहांचं दशक

पुण्याच्या सीओईपीतल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ उपग्रह 22 जून 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. इतकी वर्षं झाली, मालवणच्या बंदरावर त्याचं नाव ठाऊक असलेला माणूस मला अजून भेटायचाय.

आर्यभट्ट, ॲपल, इन्सॅट यांची गाथा शाळेच्या पुस्तकात आहे, तिथेच राहू दे. आम्हा हॅमवाल्यांचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं, दशक 5 मे 2005 ला उजाडलं. त्या दिवशी कार्टोसॅट-1 सोबत साडेबेचाळीस किलोंचा हॅमसॅट गेला. त्यातला एक ट्रान्सपाँडर भारतीय, दुसरा एका डच विद्यार्थ्याचा. यागी अँटेना आभाळाकडे धरायचा, निसटती फ्रिक्वेन्सी डायल फिरवत पकडायची आणि उपग्रह मावळायच्या आत परमुलखातल्या माणसाशी बोलून घ्यायचं. “ह्याच्यान मासळी गावतली काय रे?” असं बंदरावर विचारत. एक साहेब म्हणाले, “हौस आहे तुमची.”

11 नोव्हेंबर 2009 ला फयान चक्रीवादळ आलं. कोकणातले कित्येक मच्छीमार परतले नाहीत. मोबाइलची रेंज किनाऱ्यालगतच संपते आणि बोटीवरचा व्हीएचएफ क्षितिजाच्या फार पलीकडे जात नाही. पुढे संकटाचं बटण असलेलं यंत्र मिळालं. हाक जायची, पण कोणी ऐकली का ते कळायचं नाही. त्या साहेबांची मात्र पुन्हा गाठ पडली नाही.

दोन वर्षांसाठी सोडलेला हॅमसॅट नऊ वर्षं टिकला. जुलै 2014 मध्ये बॅटरी गेली आणि तो मुका झाला.

मग आला स्वयम्. दहा सेंटिमीटरचा, जेमतेम किलोभराचा डबा. दिशा सावरायला आत एक चुंबक, पृथ्वीच्या चुंबकत्वाशी जुळवून घेणारं. एका ठिकाणचा निरोप पोटात ठेवायचा, दुसऱ्या ठिकाणावर आला की उतरवायचा, हे त्याचं काम. दर्यातल्या माणसाला गप्पा कुठे मारायच्यात? ‘वारा फिरलाय, परत ये’, ‘इंजिन बंद पडलंय, इथे आहे’, एवढं पोचलं तरी पुरे. मात्र असा एकटा उपग्रह दिवसातून मोजक्या वेळाच माथ्यावर येतो. निरोप वेळेत पोचवायचा तर अशा उपग्रहांची माळच हवी, आणि ती परवडावी म्हणून तर ते लहान नि स्वस्त करायचे!

माळ काही गुंफली गेली नाही. 30 ऑगस्ट 2024 ला एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना पालघरात सुरू झाली, त्यावरून दोन्हीकडे निरोप जातो. चांगलंच झालं, पण फयाननंतर पंधरा वर्षांनी. स्वयम् करणाऱ्या पोरांना आपण शाबासकी दिली आणि हात झटकले. त्यांच्याकडे दुसरा, पाचवा, विसावा स्वयम् मागायला हवा होता.