दाताचा एक्स-रे काढताना

नागपुरात मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात असो की गल्लीतल्या छोट्या दवाखान्यात, दाताचा एक्स-रे ही रोजचीच गोष्ट. एका छोट्या चित्राचा किरणोत्सार सहसा 0.01 मिलिसिव्हर्टपेक्षाही कमी असतो. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतो. रुग्णाने म्हणूनच घाबरू नये. सहाय्यकाचे मात्र वेगळे आहे. तो दिवसभर यंत्राजवळ वावरतो, त्यामुळे योग्य प्रशिक्षण ही त्याची पहिली ढाल.

या प्रशिक्षणात काय शिकवावे? पहिला नियम अंतराचा. अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता चौथाईवर येते. म्हणून बटण दाबताना भिंतीआड किंवा निदान दोन मीटर दूर, थेट झोताच्या बाहेर उभे राहावे. दुसरा नियम, फिल्म किंवा सेन्सर स्वतःच्या बोटांनी कधीही धरू नये. त्यासाठी होल्डर वापरावा. तिसरा, कोन आणि जागा पहिल्याच वेळी अचूक साधावी, कारण बिघडलेले चित्र पुन्हा काढणे म्हणजे रुग्णाला विनाकारण दुप्पट मात्रा. लहान मुलांच्या गळ्याची विशेष काळजी घ्यावी. सहाय्यिका गरोदर असेल, तर तिने लगेच सांगावे.

मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट ही मर्यादा ठरवली आहे. नीट शिकलेला सहाय्यक तिच्या जवळपासही जात नाही. डॉक्टरांनी त्याच्या प्रशिक्षणासाठी वेळ काढलाच पाहिजे.