जुनी फायबर होडी घरी नीट करायची? रंगाचा डबा उघडण्याआधी मागची फळी ठोकून बघा



१ जून ते ३१ जुलै बंदीचे दिवस. होड्या वर काढून झाल्या, जाळी शिवायला बसलो, आणि आता प्रत्येक अंगणात एकच बोलणं, "औंदा होडीला रंग काढूया, जमलं तर मोठी मोटर घालूया." रंग काढा, मोटर घाला. पण होडी पंधरा-वीस वर्षांची असेल तर आधी हे वाचा.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. २२ फुटी फायबरची होडी मी जुनी घेतली. वरून चकचकीत, नवा निळा रंग. ज्याने दिली त्याला दोष देत नाही, त्यालाही आतलं ठाऊक नसावं. ऑगस्टात नदीच्या तोंडावर लाट उभी राहते ते तुम्हाला सांगायला नको. तिथे बाहेर पडताना मुलगा म्हणाला, "बाबा, मोटर हलता." मी क्लॅम्प आवळले. तरी हलते. मग हात लावून बघितलं तर मोटर नव्हे, जिच्यावर मोटर टांगलीय ती फळीच आतबाहेर होत होती. अर्ध्या गतीने, लाट मोजत मोजत परत आलो. त्या दिवशी फळी सुटली असती तर मोटर गेली असती आणि मागून पाणी आत आलं असतं. होडीत आम्ही तिघे होतो.

घरी आणून आतली फायबरची कातडी कापली, तर आतलं लाकूड भिजवलेल्या पावासारखं. बोटाने उकरून निघालं.

फायबर कुजत नाही, हे खरं. म्हणून आपण समजतो की फायबरची होडी कुजत नाही. पण फायबरच्या जुन्या होडीत लाकूड असतंच. मागच्या फळीत, म्हणजे ट्रान्समात, प्लायवूड असतं. तळाच्या लांब पट्ट्यांत, बसायच्या फळ्यांत लाकूड असतं. त्यावर फायबर चढवलेलं असतं, इतकंच. मोटरच्या बोल्टाचं भोक, पाणी काढायच्या बुचाचं भोक, कुणीतरी दोरी बांधायला मारलेला स्क्रू, यातलं एक जरी नीट बंद केलेलं नसेल तर तिथून पाणी शिरतं. आत गेलेलं पाणी फायबर बाहेर पडू देत नाही. वर्षानुवर्षं लाकूड आतल्या आत शिजतं आणि वरचा रंग हसत असतो.

तपासायचं कसं? प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर उलटा धरा आणि मुठीने सगळी मागची फळी इंच-इंच ठोका. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. बुचाजवळ आणि मोटरच्या खालच्या बोल्टांजवळ जास्त लक्ष द्या, कारण पाणी खाली साचतं. मग मोटर लावलेली असताना तिचा पाय वर उचलून त्यावर हाताने दाब द्या, आणि दुसऱ्याला फळीकडे बघायला सांगा. फळी जराही वाकली की समजा. शंका राहिलीच तर आतल्या बाजूने पाच मिलिमीटरचं ड्रिल मारा, पण बाहेरची कातडी फोडू नका. भुसा कोरडा नि फिकट आला तर देव पावला. काळा, ओला, वास मारणारा आला तर फळी उघडायची. चांगली निघाली तर ते भोक त्याच दिवशी रेझिनने बुजवा, नाहीतर तपासणीच रोगाचं कारण व्हायची.

आणखी एक खूण आपल्या खांद्यांना कळते. पूर्वी आठ माणसं होडी ओढायची आणि आता बारा लागत असतील, तर माणसं म्हातारी झालीत म्हणून नव्हे. तळाखालच्या फोमने पाणी धरलेलं असतं. असा फोम सुकत नाही. काढूनच टाकावा लागतो.

आता काम. पहिली गोष्ट म्हणजे होडीला आधार. फळी काढली की होडीची मागची बाजू सैल होते, आणि आधार वाकडातिकडा असेल तर सगळी होडी पिळून बसते. नवी फळी घातली की ती पीळ कायमची. म्हणून जुने टायर, वाळूच्या गोणी लावून तळ सरळ करा. दोन्ही काठांवर आडवी फळी ठेवून पाण्याच्या लेव्हलने बघा, आणि दोन्ही काठांमधलं अंतर मोजून लिहून ठेवा.

फळी आतून उघडायची. बाहेरची कातडी तशीच राहू दे, तीच आपला साचा. ग्राइंडरने आतली कातडी कापताना कडेने दोन इंचांची पट्टी ठेवा, पुढे तिच्यावर जोड चढवायचा आहे. लाकूड छिन्नीने काढा, पार खालच्या कोपऱ्यापर्यंत. वरचं चांगलं दिसतं म्हणून अर्धी फळी ठेवायचा मोह होतो. मी तो केला होता, आणि दोन वर्षांनी तेच काम परत केलं.

मग सुकवणं. पावसाळ्यात सगळ्यांत मोठं काम हेच, आणि इथेच घाई होते. ओल्या लाकडावर किंवा ओलसर फायबरवर रेझिन धरत नाही. चढल्यासारखं वाटतं, पण पुढे सोलून येतं. वर ताडपत्री घट्ट बांधा, पण बाजू मोकळ्या ठेवा, वारा खेळला पाहिजे. जुने पिवळे दोनशे वॅटचे बल्ब मिळाले तर आत टांगून ठेवा, पंखा लावा. वायर जमिनीवरून ओल्यातून नेऊ नका. एक साधी परीक्षा आहे. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम दिसला तर अजून ओल आहे. मुसळधार पावसाच्या दिवशी रेझिनला हात लावूच नका. उघडीप बघा, आणि दहा-अकराला सुरू करून चारच्या आत आटोपा.

प्लायवूडबद्दल स्पष्ट बोलतो. दुकानदार "वॉटरप्रूफ आहे" म्हणून काहीही देतो. शीटवर आय.एस. ७१० असा शिक्का बघा, तो मरीन प्लायवूडचा. आय.एस. ३०३ म्हणजे घरच्या कपाटाचं प्लाय, ते इथे नको. १८ मिलिमीटरचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून साधारण दीड इंचाची फळी होते. जुन्या फळीची जाडी आधी मोजून ठेवा आणि तेवढीच करा, कारण मोटरचा क्लॅम्प तिच्यावर बसायचा असतो. पुठ्ठ्याचा नमुना कापून मग प्लाय कापा. सगळ्या बाजूंना, विशेषतः कडांना, दोन-तीन हात रेझिन पाजा. प्लाय पाणी पितं ते कडेनेच.

रेझिनच्या बाबतीत जिवाची एक गोष्ट. आपल्याकडे पुष्कळदा तीन डबे मिळतात: रेझिन, कोबाल्ट म्हणजे जांभळा एक्सलरेटर, आणि हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट घालून नीट ढवळा, आणि त्यानंतरच लागेल तेवढ्या रेझिनमध्ये हार्डनर. दोघांसाठी एकच मापाचं भांडं किंवा एकच काठी वापरू नका. दोन्ही बाटल्या घरात वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा. हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा घालूनच काम करा. उडालाच तर लगेच पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि तसेच डॉक्टरकडे जा.

हार्डनरचं प्रमाण किलोला साधारण दहा ते वीस मिली. आपल्या उकाड्यात दहाच्या बाजूला राहा. लवकर सुकेल म्हणून जास्त घातलं की डब्यातच दगड होतो. फार कमी घातलं तर महिनाभर चिकट राहतं आणि कधीच पूर्ण घट्ट होत नाही. एका वेळी अर्धा किलोच कालवा. उरलेलं घट्ट होताना तापतं, धूर काढतं, म्हणून तो डबा कचऱ्यात न टाकता उघड्या वाळूवर ठेवा. आणि विडी-सिगारेट अंगणाबाहेर. अ‍ॅसिटोनची वाफ खालून सरपटत जाते, चूल लांब असली तरी पेट घेते.

फायबर घासतानाची धूळ घशात गेली की त्या रात्री झोप नाही. कापडाचा रुमाल पुरत नाही. धुळीला धुळीचा मास्क, रेझिनच्या वासाला कार्ट्रिजवाला मास्क. खाज सुटली तर थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने ती अजून आत बसते. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका, नाहीतर पुढचा आठवडा सगळं घर खाजवतं. हे आमच्या घरून सांगायला सांगितलंय.

फळी बसवताना बाहेरच्या कातडीला रेझिनची घट्ट पुट्टी भरपूर लावा, पोकळी राहता कामा नये. जुन्या मोटरच्या भोकांतूनच बोल्ट घालून लाकडी पट्ट्यांनी दाबून धरा. कोपऱ्यात पुट्टीचा गोल उतार करा, कारण मॅट काटकोनात वळत नाही, तिथे हवा राहते. मग ४५० ग्रॅमची मॅट. एक थर सुकून साधारण एक मिलिमीटर भरतो. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा कापा आणि होडीच्या बाजूंवर वीतभर चढवा. मोटरचा सगळा जोर फळीकडून बाजूंना जातो तो याच चढवलेल्या भागातून. मध्ये एक-दोन थर विणलेल्या रोव्हिंगचे घाला, आणि रोलरने हवा काढत राहा. हिशेब असा: मॅटच्या वजनाच्या अडीच पट रेझिन धरा. चार फूट बाय दोन फुटांच्या फळीवर पाच थर, म्हणजे मॅट पावणेदोन किलोच्या आसपास आणि रेझिन चार-साडेचार किलो. बाजूंवर चढवण्याचं आणि पुट्टीचं वेगळं.

तळाला भोक किंवा चीर असेल तर नुसती पुट्टी भरून रंग मारू नका. तळ सहा मिलिमीटर जाड असेल तर चिरेच्या चारही बाजूंना त्याच्या बारा पट, म्हणजे सात सेंटीमीटरच्या पुढे, उतार घासून घ्या आणि त्या उतारावर थर चढवा. नवं फायबर जुन्याला धरतं ते घासलेल्या खरखरीत जागेवर, चकचकीत जागेवर नव्हे.

आता मोटर. नवी फळी झाली म्हणून दुप्पट ताकदीची मोटर टांगायची नाही. होडीचा तळ आणि बाजू जुन्याच आहेत. चार-स्ट्रोक तेल वाचवते, पण त्याच ताकदीच्या दोन-स्ट्रोकपेक्षा जड असते, मागून होडी बसते. आधी तेवढ्या वजनाची वाळू मागे ठेवून काठ पाण्यापासून किती वर राहतो ते बघा. मोटरच्या पायाची लांबीही फळीच्या उंचीला जुळली पाहिजे: १५ इंचाच्या फळीला आखूड पाय, २० इंचाच्या फळीला लांब. पंख्याच्या वरचं चपटं पान तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवं. बोल्टांची भोकं थोडी मोठी मारून रेझिनच्या पुट्टीने भरा आणि सुकल्यावर त्यातच योग्य मापाचं भोक मारा. म्हणजे लाकडाला पाणी दिसतच नाही. मागच्या वेळी हे केलं असतं तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती. मोटर बदलली की नोंदणीच्या आणि विम्याच्या कागदातही बदलून घ्या. अपघातानंतर कागद आणि मोटर जुळली नाही तर हात हलवत बसावं लागतं.

पैसे उरले तर ते मोटरऐवजी तरंगण्यावर घाला असं माझं मत. फायबर पाण्यापेक्षा दीड पट जड, म्हणून पाण्यात बुडाल्यावर ४०० किलोच्या होडीचं वजन तिसऱ्या हिश्श्याएवढं, १३० किलोच्या आसपास उरतं. मोटरचं तीसेक किलो धरा. म्हणजे २० लिटरचे दहा रिकामे कॅन, बुचं घट्ट लावून बसायच्या फळ्यांखाली पक्के बांधले, तर पाण्याने भरलेली होडीही खाली जात नाही आणि माणसांना धरायला राहते. दोरी अशी हवी की ओढून सुटणार नाही. सैल कॅन वर येतो आणि वाहून जातो. फोम ओतण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, कारण कॅन दर वर्षी काढून बघता येतो.

वायरिंग करणार असाल तर कल्हई केलेल्या तांब्याची वायर घ्या. साधी वायर खाऱ्या हवेत आतून हिरवी पडते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. मोटरला लावलेल्या झिंकच्या तुकड्यावर रंग चढवू नका, रंगवला की तो काम करत नाही.

होडी तयार झाली की पहिल्या दिवशी जाळं नको. भरतीला नदीतच उतरवा, आत जाळ्याएवढी वाळू भरा, तासभर फिरवा, आणि एकाने सगळा वेळ फळीला हात लावून बसावं. परत आल्यावर बूच काढून किती पाणी निघतं ते मोजा. दुसऱ्या दिवशी सगळी फळी पुन्हा ठोका. ज्यांना मदत लागेल त्यांनी इथेच खाली होडीची लांबी, वय आणि फळीचा फोटो टाका, रविवारी दोघे-तिघे येऊन बघून जाऊ.