दुखण्याचा रोजमेळ

येवल्यात पैठणी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर पांढऱ्याशुभ्र गादीवर एकामागून एक साडी उलगडली जाते. पदरावरचे मोर आणि नारळी काठ पाहण्यात गिऱ्हाईक रमते. साडी उलगडणाऱ्या शेठजींचा हात मात्र उठता-बसता गुडघ्यावर जातो. मांडी घालून पेढीवर बसण्यात त्यांची तीस-चाळीस वर्षे सरलेली असतात. ज्या विणकराने ती पैठणी विणली, त्यानेही खड्डामागावर पाय सोडून, मान व पाठ वाकवून महिनोन्‌महिने काढलेले असतात. विणणारा आणि विकणारा, दोघांच्या अंगी आपापल्या धंद्याचे दुखणे मुरलेले असते आणि दोघांच्याही हाताशी बहुधा एकच इलाज असतो: औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेली वेदनाशामक गोळ्यांची पट्टी.

व्यापारी घरात पै-पैचा हिशेब असतो. दिवसाचा रोजमेळ जुळल्याशिवाय दुकानाचे दार लागत नाही. पण गुडघा किती दिवसांपासून दुखतो आणि महिन्यात किती गोळ्या पोटात गेल्या, याची नोंद कोणत्याच वहीत नसते. तोटा नेमका तेथेच साचत जातो.

बोलणारे व न बोलणारे आजार

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. गुडघ्याची झीज, कंबरदुखी, मानदुखी ही तिची नेहमीची रूपे. झीज होते तेव्हा सांध्यातील कूर्चा पातळ होते, भोवतीचे स्नायू दुबळे पडतात आणि सांधा आखडतो. हे आजार बोलके आहेत. ते दर जिन्यावर आपली आठवण करून देतात.

उच्च रक्तदाब आणि मधुमेह हे मात्र न बोलणारे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. साठीच्या घरात हे दोन्ही प्रकार एकाच देहात नांदतात. म्हणून गुडघ्यासाठी घेतलेली गोळी केवळ गुडघ्यापुरती राहत नाही.

पट्टीतील जोखीम

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधे शरीरातील वेदना व सूज निर्माण करणारी द्रव्ये रोखतात. त्याच वर्गातील द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात. ती रोखली गेली की पोटात व्रण होऊ शकतो, रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या किंवा लघवी वाढवणारी औषधे चालू असतील, तर हा ताण अधिकच वाढतो.

याच डायक्लोफेनॅकची एक दुःखद हकीकत अहिंसाप्रेमी समाजाने लक्षात ठेवावी अशी आहे. गाईगुरांना दिलेले हे औषध मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले व त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मोठ्या संख्येने मेली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे कारण उघड केले आणि २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय उपयोगावर बंदी आली. गिधाडे त्याला फार संवेदनशील असतात. माणसाचे तसे नाही. तथापि महिनोन्‌महिने बिनहिशेबी गोळ्या घेणाऱ्या माणसाचेही मूत्रपिंड धोक्यात येते, आणि बरेच नुकसान होईपर्यंत त्याची चाहूल लागत नाही.

वेष्टनावर घटकांचे नाव नसलेल्या पुड्यांपासून तर दूरच राहावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्यांनी चार दिवसांत आराम पडतो, पण पुढे साखर वाढते आणि हाडे ठिसूळ होतात.

पॅरासिटामॉल त्या मानाने सौम्य. पण त्यालाही मर्यादा आहे. प्रौढाने चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीही जाऊ नये. वृद्ध, कमी वजनाचे आणि यकृताचा विकार असलेले यांची मर्यादा त्याहून कमी असते. ती डॉक्टरांनी ठरवावी. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, हे बेरीज करताना विसरू नये.

तप आणि औषध

सनत्कुमार चक्रवर्तींची कथा घरोघरी सांगितली जाते. दीक्षेनंतर त्यांनी रोग समभावाने सोसले आणि वैद्यरूपाने आलेल्या देवांचा उपचार नाकारला. ती महामुनींची साधना. श्रावक मात्र दुखणे घरच्यांपासून लपवतो, चोरून गोळी घेतो आणि त्यालाच सहनशीलता म्हणतो. त्यात परीषहजयही नाही आणि उपचारही नाही.

खरी अडचण पर्युषणात येते. उपवासात पाणी कमी जाते. चौविहार उपवासात ते मुळीच नसते. शरीर असे कोरडे असताना वेदनाशामक गोळीचा मूत्रपिंडावरील भार सर्वाधिक असतो. उपवासाच्या आदल्या रात्री किंवा पारण्याला लगेच रिकाम्या पोटी घेतलेली गोळी म्हणूनच घातक ठरू शकते. मधुमेह असेल तर दुसरा धोका उभा राहतो. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि आहार मात्र एकासण्याचा असला, तर साखर एकाएकी उतरते. घाम, थरथर, धडधड, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. साखर ७० च्या खाली गेली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

सूर्यास्तानंतर असे घडले तर? घरातील मंडळी येथे क्षणभर थबकतात. तो क्षण महागात पडू शकतो. पच्चक्खाणाच्या पाठातच ‘सर्वसमाधि’ हा आगार ठेवलेला आहे: तीव्र व्याधीने समाधी ढळू लागली तर औषध घेण्याने पच्चक्खाण भंग पावत नाही. आपल्या पूर्वाचार्यांनी ही सवलत विचारपूर्वक ठेवली आहे. शंका असल्यास ती महाराजसाहेबांना आधी विचारावी, संकटाच्या रात्री नव्हे.

चातुर्मास लागण्यापूर्वीच डॉक्टरांना आपल्या तपाची यादी दाखवावी. नवकारशी, बियासणे, एकासणे यांच्या वेळा सांगितल्या तर बहुतेक औषधांची फेरमांडणी करता येते. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

घरी करण्यासारखे

गुडघ्याचे खरे औषध म्हणजे मांडीचे बळकट स्नायू. खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ ताठ करावा, मनात एक नवकार पूर्ण होईपर्यंत धरावा आणि हळूच खाली ठेवावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. स्थूल व्यक्तीचे वजन एक किलोने उतरले, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. कंबर धरली म्हणून आठवडाभर अंथरुणात पडून राहू नये. सोसवेल तितके चालत राहावे. पेढीवर दर अर्ध्या तासाने उठावे. अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक मांडी घालून जमत नसेल, तर खुर्चीवर करावी. समभाव आसनावर अवलंबून नसतो.

आखडलेल्या सांध्याला पंधरा-वीस मिनिटे शेक द्यावा. मधुमेहींच्या पायांना बधिरपणा असतो. गरम पाण्याच्या पिशवीने कातडी भाजली तरी त्यांना कळत नाही. अनवाणी देरासरला जाणाऱ्यांनी रोज रात्री तळवे तपासावेत. हा बधिरपणा जीवनसत्त्व ब-१२ च्या कमतरतेनेही येतो. शाकाहारात ते कमी मिळते आणि मेटफॉर्मिनने आणखी घटते. दिवसभर दुकानात बसणाऱ्यांत ‘ड’ जीवनसत्त्वही कमी आढळते. दोन्हींची तपासणी करून घ्यावी.

तिथीच्या दिवशी हिरवी भाजी वर्ज्य असल्याने पापड, खाकरा, लोणचे यांवर भर येतो आणि मीठ वाढते. दिवसाला एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचाभर असावे.

वही उघडावी

एक साधी वही करावी. तारीख, कोठे दुखले, दहापैकी किती दुखले, कोणती गोळी किती वाजता घेतली, रक्तदाब, साखर, चालणे आणि त्या दिवशीचा तप, एवढे रकाने पुरेत. रक्तदाब पाच मिनिटे स्वस्थ बसून मोजावा. तो वारंवार १४०/९० किंवा अधिक येत असेल तर डॉक्टरांना भेटावे. महिन्याअखेर गोळ्यांची बेरीज मारावी. वेदनाशामक गोळी आठवड्यात दोन-तीन दिवसांहून अधिक लागत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यावी.

काही दुखणी वहीत लिहीत बसण्याची नाहीत. छातीत दडपण येणे किंवा डाव्या खांद्यात व जबड्यात दुखणे, कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा जाणे, तापासह सांधा लाल व गरम होणे, काळी शौच होणे, अशा वेळी तडक रुग्णालय गाठावे.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपल्या परंपरेत सांगितली आहेत. औषधदानात समाज कधीच मागे राहिलेला नाही. त्याचा आरंभ घरातून व्हावा. आजी गुडघा चोळताना दिसली तर सुनेने विचारावे, पट्टी रिकामी दिसली तर मुलाने बेरीज करावी. आणि पेढीवर पैठणी विणून आणणाऱ्या विणकराची पाठ अवघडलेली दिसली, तर शेठजींनी त्याच्याही गोळ्यांची चौकशी करावी.