प्रबंध दाखल होईपर्यंत

थोर पुरुषांच्या नावापुढे त्यांच्या पदव्या एका ओळीत छापण्याची जी प्रथा आपल्याकडे रूढ आहे, तिने वाचकाची नकळत दिशाभूल होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावापुढील एम्. ए., पीएच्. डी., एम्. एस्सी., डी. एस्सी. ही अक्षरे वाचून त्या पदव्या त्याच क्रमाने आणि एकापाठोपाठ मिळाल्या असाव्यात असे कोणासही वाटेल. परंतु प्रत्यक्षात दुसऱ्या क्रमांकावर छापली जाणारी कोलंबियाची पीएच्. डी. ही, त्यांनी अभ्यासाने संपादन केलेल्या या पदव्यांमध्ये, सर्वांत शेवटी हाती आली. १९१३ ते १९२७ या कालखंडाकडे या दृष्टीने पाहिले असता असे दिसते की, प्रबंध लिहिणे हे एक काम आणि तो रीतसर दाखल करून पदरात पाडून घेणे हे दुसरे काम; आणि पहिल्याला जशी बुद्धी व चिकाटी लागते तशी दुसऱ्याला मुदत, मंजुरी आणि पैसा यांची अनुकूलता लागते.

आरंभच मुळी एका करारनाम्याने झाला. सयाजीराव महाराजांच्या बडोदे सरकारने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता मंजूर केली, आणि तिच्या मोबदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याची अट आंबेडकरांनी मान्य केली. १९१३ च्या जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात राजस्वशास्त्राचे थोर पंडित एड्विन सेलिग्मन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १५ मे १९१५ ही तारीख असलेला, ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार व जमाखर्च यांविषयीचा त्यांचा एम्. ए. चा प्रबंध लहानसाच आहे. तथापि सरकारी दप्तरातील आकड्यांमागे दडलेला राज्यकर्त्यांचा हेतू उकलून दाखविण्याची जी रीत पुढील दोन्ही मोठ्या ग्रंथांत प्रगट झाली, तिचे मूळ या छोट्या प्रबंधातच सापडते.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले, स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, आणि संशोधनाला गती येते न येते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना परतावे लागले. महायुद्धाचे दिवस होते. ते स्वतः सुखरूप मुंबईस पोहोचले, परंतु त्यांची पुस्तके व सामान ज्या जहाजातून येत होते ते पाणतीराने बुडाले. संशोधकाच्या दृष्टीने हा केवळ वस्तूंचा नाश नव्हे. वर्षानुवर्षे निवडून, पोटाला चिमटा घेऊन जमविलेला ग्रंथसंग्रह नाहीसा होणे म्हणजे कामाचा आधारच खचणे होय. लंडन विद्यापीठाने मात्र, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करावा, अशी सवलत दिली होती. बडोद्यातील नोकरीचा आणि तेथे राहावयास जागादेखील न मिळाल्याच्या मानहानीचा वृत्तांत सर्वश्रुत आहे. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या पगारातून काही रक्कम शिल्लक टाकून, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज काढून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला रवाना झाले.

या दुसऱ्या मुक्कामातील त्यांच्या दिनक्रमाचे वर्णन चरित्रकारांनी मोठ्या भक्तिभावाने केले आहे : ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडताच प्रवेश, दार बंद होताना प्रस्थान, आणि रात्री उशिरापर्यंत वाचताना भुकेला आधार म्हणून भाजलेले पापड. हे सारे खरे मानले तरी माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे ते त्यांनी कामाची केलेली आखणी. १९२१ मध्ये साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेच्या प्रांतिक विकेंद्रीकरणावरील प्रबंधास एम्. एस्सी. मिळाली, आणि १९२२ च्या ऑक्टोबरात डी. एस्सी. साठी 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध सादर झाला.

हा विषयच निखाऱ्यासारखा होता. १८९३ साली हिंदुस्थान सरकारने टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीला बंद केल्या, आणि त्यानंतर हळूहळू सुवर्ण-विनिमय परिमाण नावाची, म्हणजे देशात चांदीचा रुपया चालवून परदेशी देण्यापुरते त्याचे मूल्य सोन्याशी बांधून ठेवण्याची, पद्धती रुजली. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी आपल्या १९१३ च्या ग्रंथात तिची भलावण केली होती. याउलट, नाणे पाडण्याचा अधिकार सरकारच्या मर्जीवर राहिला की चलनाचा फुगवटा आवरणारा अंकुशच उरत नाही, आणि त्याची झळ पोटावर काम करणाऱ्यास लागते, असा आंबेडकरांचा सिद्धांत होता. एक हिंदी विद्यार्थी साम्राज्याच्या राजधानीत बसून साम्राज्याच्याच चलननीतीवर असा अभियोग मांडतो, हे परीक्षकांना रुचले नाही असे चरित्रकार सांगतात. निष्कर्ष तसेच ठेवून मांडणी बदलावी असे सुचविण्यात आले. एवढ्यात हातातील पैसा संपल्याने त्यांना १९२३ मध्ये स्वदेशी परतावे लागले, आणि सुधारलेला प्रबंध मुंबईहून डाकेने रवाना झाला. त्याच वर्षी तो मान्य झाला व डिसेंबरात लंडनच्या पी. एस्. किंग आणि सन या प्रकाशनसंस्थेने ग्रंथरूपाने छापला. मार्गदर्शक एड्विन कॅनन यांनी प्रस्तावनेत लेखकाशी आपला मतभेद आहे हे मोकळेपणाने नमूद केले आणि तरीही ग्रंथाचे स्वागत केले. शिष्याचे मत पटत नसताही त्याच्या ग्रंथास आपले नाव जोडण्याची ही उदारता आमच्या विद्यापीठांतील मार्गदर्शकांत कितपत आढळेल, हा प्रश्न येथे न विचारलेलाच बरा.

कोलंबियाच्या पीएच्. डी. चे प्रकरण मात्र अद्याप मिटले नव्हते. तेथील नियमानुसार प्रबंध मान्य होणे पुरेसे नव्हते. तो छापून त्याच्या ठराविक प्रती विद्यापीठात जमा केल्याखेरीज पदवी प्रदान होत नसे. धनिकाच्या मुलाला ही अट क्षुल्लक वाटावी. कर्जबाजारी बॅरिस्टराला, ज्याची मुंबईतील वकिली नुकतीच सुरू होत होती, ती डोईजड होती. १८३३ पासूनच्या केंद्रीभूत राजस्वाचा, १८७१ मधील लॉर्ड मेयोच्या विकेंद्रीकरणाचा, आणि नेमून दिलेल्या रकमा, नेमून दिलेली उत्पन्ने व वाटून घेतलेली उत्पन्ने अशा तीन टप्प्यांनी प्रांतांचे अंदाजपत्रक १९२१ पर्यंत कसे घडले याचा इतिहास सांगणारा 'ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक राजस्वाची उत्क्रांती' हा ग्रंथ १९२५ मध्ये त्याच प्रकाशकाने छापला. प्रास्ताविक सेलिग्मन यांचे, आणि अर्पणपत्रिका सयाजीराव महाराजांना. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हिंदी चलनासंबंधी नेमलेल्या शाही आयोगापुढे आंबेडकरांची साक्ष झाली. म्हणजे ज्या प्रबंधाची मांडणी परीक्षकांनी बदलावयास लावली, त्याच्या लेखकाला तीन वर्षांच्या आत राज्यकर्त्यांनाच सल्ला विचारावा लागला. पीएच्. डी. ची पदवी विधिपूर्वक प्रदान झाली ती १९२७ च्या जूनमध्ये. तोवर मार्चमधील महाडचा सत्याग्रह होऊन गेला होता, 'बहिष्कृत भारत' पाक्षिक सुरू झाले होते, आणि न्यूयॉर्कहून आलेल्या कागदाकडे पाहावयास त्यांच्यापाशी फारसा वेळ उरला नसावा.