सशाचा दैनिक आहार

प्राथमिक वर्गांतील चित्रांत ससा बहुधा गाजर खाताना दाखविलेला असतो. त्यामुळे गाजर हेच सशाचे मुख्य अन्न होय, अशी समजूत मुलांच्या मनात दृढ होते. आणि घरी किंवा शाळेत ससा पाळला, म्हणजे त्याच्यापुढे गाजर, भाकरी, बिस्किटे, गूळ, दाणे असे पदार्थ मोठ्या प्रेमाने ठेवले जातात. वस्तुतः ससा हा गवतावर जगणारा प्राणी आहे. अशा लाडाच्या खाण्याने त्याचे पोट बिघडते व प्रसंगी तो दगावतोही. यास्तव सशाच्या आहाराची शास्त्रीय माहिती शिक्षकांना असणे अगत्याचे आहे.

सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. पुढील दात आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढतात. गवताचे चिवट तंतू सतत चघळल्यानेच दातांची झीज होऊन ते बेताचे राहतात. मऊ अन्नावर ठेवलेल्या सशाचे दात वाढून गालात व जिभेत रुततात आणि भूक असूनही त्यास खाता येत नाही. दुसरी गोष्ट पचनाची. सशाच्या पोटात एक मोठे आंधळे आतडे असते. तेथे सूक्ष्म जंतूंच्या साहाय्याने पाला आंबतो व त्यापासून पोषण मिळते. तंतुमय अन्न कमी पडले, की आतड्याची हालचाल मंदावते. पिठूळ वा गोड पदार्थ अधिक झाले, की जंतूंचे संतुलन बिघडून पोट फुगते. सशाला ओकारी करता येत नाही. म्हणून पोटात गेलेले अयोग्य अन्न तो बाहेर टाकू शकत नाही.

ससा आपल्याच काही मऊ लेंड्या खातो, हे पाहून मुले किळस करतात. या लेंड्या आंधळ्या आतड्यातून आलेल्या असून त्यांत प्रथिने व ब जीवनसत्त्वे असतात. हा त्याच्या पचनाचाच एक भाग होय, हे मुलांना समजावून द्यावे.

रोजच्या आहाराचे प्रमाण सोपे आहे. पाच भागांपैकी चार भाग गवत असावे व ते दिवसरात्र सशापुढे राहावे. केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावी बांधावर हरळी, मारवेल, पवना ही गवते पावसाळ्यात विपुल मिळतात. ती कापून सावलीत वाळवून ठेवल्यास उन्हाळ्याची बेगमी होते. ज्वारीच्या वाळलेल्या कडब्याची स्वच्छ पानेही थोडी देता येतात. मात्र भिजून काळा पडलेला वा बुरशी आलेला कडबा देऊ नये. याशिवाय दर किलो वजनामागे रोज एक मूठ कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला धुऊन, निथळून द्यावा. लसूणघास वाढत्या पिलांस चांगला. मोठ्या सशास तो क्वचितच द्यावा, कारण त्यात चुना अधिक असतो. गाजराची एक पातळ चकती आठवड्यातून एकदोनदा, एवढेच गाजर पुरे. कोणताही नवा चारा एकदम न देता आठदहा दिवसांत हळूहळू वाढवावा.

येथे एक धोका विशेष लक्षात ठेवावा. पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आलेले गाजर गवत आज रस्तोरस्ती माजले आहे. त्याची पाने गाजराच्या पाल्यासारखी दिसतात व नावातही गाजर आहे. त्यामुळे मुले तेच उपटून आणण्याचा संभव असतो. ते सशास अपायकारक असून मुलांच्या त्वचेसही त्यापासून खाज व पुरळ उठते. तसेच ज्वारीचे कोवळे पोंगे व कापलेल्या धाटांचे फुटवे यांत विष असते, हे शेतकऱ्यांस ठाऊकच आहे. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला, रुई, कण्हेर, धोतरा आणि औषध फवारलेल्या शेताच्या बांधावरील गवत हेही वर्ज्य करावे.

सशास दर किलो वजनामागे रोज ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागते. बीड जिल्ह्यातील कडक उन्हाळ्यात याहून अधिक. पाणी जड मातीच्या भांड्यात ठेवून दिवसातून दोनदा बदलावे व पिंजरा सावलीत, वाऱ्याच्या जागी असावा. ससा बारा तास काही न खाता बसून राहिला किंवा त्याच्या लेंड्या बंद झाल्या, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

शेतात सापडलेली रानसशाची पिले मात्र पाळण्यास आणू नयेत. रानससा हा पाळीव सशाहून निराळा प्राणी आहे. त्याची पिले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. आई दिवसा त्यांना एकटे ठेवून अंधार पडल्यावर दूध पाजावयास येते. ती पोरकी नसतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना पकडणे गुन्हा आहे.

शाळेत ससा ठेवावयाचा असल्यास चारा, पाणी व स्वच्छता यांची पाळी विद्यार्थ्यांत वाटून द्यावी. घातलेला चारा, उरलेला चारा व लेंड्या यांची रोज नोंद ठेवण्यास लावावे. निरीक्षण व मोजमाप यांचा अभ्यास त्यातून सहज घडतो. दिवाळीची व उन्हाळ्याची सुटी सुरू होण्यापूर्वी ससा कोणाच्या घरी राहील, हे पालकांच्या संमतीने निश्चित करावे. टंचाईच्या वर्षी किंवा सुटीत सांभाळणारे कोणी नसेल, तेव्हा ससा न आणणे हेच योग्य. मुक्या जीवाची जबाबदारी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस असते, हा धडा पाठ्यपुस्तकापेक्षा अशा निर्णयातूनच मुलांच्या मनावर अधिक ठसतो.