भूल देण्याआधी तोंड उघडून दाखवा

ऑपरेशन ठरले की घरचे खर्च विचारतात, टाके विचारतात, सुट्टी कधी ते विचारतात. भूल कशी देणार, हे क्वचितच कोणी विचारतो. श्वासाचा प्रश्न तर तिथेच असतो.

कमरेत इंजेक्शन दिले तर माणूस जागा राहतो, श्वास स्वतःच घेतो. पूर्ण भूल वेगळी. प्रोपोफॉलसारख्या औषधाने झोप लागते, श्वासही मंदावतो, कधी थांबतो. मग स्नायू सैल करणारे औषध देतात, म्हणजे श्वासनलिकेत नळी नीट जाते. पण त्याच औषधाने श्वास घेणारे स्नायूही थांबतात. पुढचा श्वास भूलतज्ज्ञाच्या हातात. म्हणून आधी सुमारे ३ मिनिटे मास्कने ऑक्सिजन देतात. नळी बसेपर्यंत तोच साठा पुरवायचा असतो. घुसमटते म्हणून मास्क ओढू नका.

दमा असेल तर नळीच्या स्पर्शानेही श्वासनलिका आवळते. तिथे केटामिन उपयोगी पडते. ते श्वासनलिका सैल करते, लाळ मात्र वाढवते. दम्याचा पंप सोबत न्या.

आपल्या वस्त्यांत मोठी अडचण गुटख्याची. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर पुडी मिळतेच. विहारात पाचवे शील घेताना आपल्याला फक्त दारू आठवते, हेही खरे. वर्षानुवर्षे गुटखा-सुपारी चघळून गाल आतून ताठ होतात, तोंड उघडत नाही. स्वतःची ३ बोटे एकावर एक धरून दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर तपासणीच्या वेळीच सांगा. स्नायू सैल करणाऱ्या औषधाने असे तोंड उघडत नाही. श्वास थांबवला आणि नळी गेली नाही, तर जिवावर बेतते. आधी कळले तर रुग्णाला जागे ठेवून, नाक-घसा बधीर करून दुर्बिणीने नाकातून नळी घालता येते. तोवर त्याचा श्वास चालू राहतो. ही सोय प्रत्येक दवाखान्यात नसते, म्हणून ऑपरेशनच्या सकाळपर्यंत थांबू नका. सासऱ्यांसमोर, मुलांसमोर बोलायला लाज वाटते, हे आम्ही जाणतो. सिस्टरला बाजूला बोलवा.

उपाशी राहण्याचेही तसेच. भुलीत पोटातले वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकते. भरपेट जेवण ८ तास आधी, हलके खाणे ६ तास आधी, साधे पाणी २ तास आधी बंद. दुधाचा चहा पाण्यात धरू नका. चुकून घेतला असेल तर सांगून टाका; ऑपरेशन पुढे ढकलले तरी चालेल. हलणारा दात, कवळी हेही सांगा.