उलव्याचा खारा वारा, जुनी फियाट आणि आपले इथेनॉल



मी आपल्या कारखान्याचा जुना सभासद. गळीत हंगाम संपला की दोन महिने मुलीकडे उलव्याला राहतो. उलवे म्हणजे नवी मुंबईत, पनवेल आणि उरण यांच्या मधला भाग. पूर्वी इथे भातखाचरे होती. आता सिडकोची वसाहत आणि उंच इमारती आहेत. शेजारीच नवा विमानतळ झाला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले. जवळजवळ २२ किलोमीटरचा पूल, त्यातला साडेसोळा समुद्रावरून. त्यावर दुचाकी, रिक्षा आणि आपला ट्रॅक्टर यांना मज्जाव आहे, बरं का! मोटारी मात्र सुसाट जातात, आणि मला मोटारींचा नाद लहानपणापासून.

आमच्या गावात पहिली मोटार पाहिली ती शेतकी खात्याची जीप. चिटबॉय मागे बसलेला, आम्ही पोरे धुरळ्यात पळत. चेअरमनसाहेबांची ॲम्बेसेडर सभेला आली की तिच्या चाकाला हात लावून बघायचो. ती गाडी १९५७ ते २०१४ अशी बनत राहिली. पण माझा जीव जडला तो फियाटवर.

साखर आणि मोटारीचे जुने नाते

फियाट आपल्याकडे कुणी आणली? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने. रावळगाव आणि वालचंदनगरचे साखर कारखाने उभे करणारे हेच वालचंदशेठ. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमिअर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाटच्या परवान्याने ‘११००’ गाडी बनू लागली. तिलाच पुढे प्रीमिअर पद्मिनी हे नाव पडले.

उसाच्या दुसऱ्या हप्त्यात थोडी भर घालून १९९१ साली मी एक जुनी पद्मिनी घेतली. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. सकाळी चोक ओढायचा, एक्सलेटर हलकेच दाबायचा, मग ती खोकत सुरू व्हायची. प्लग साफ करणे, पॉईंटमध्ये फट ठेवणे, कार्बोरेटर उघडणे, सगळे घरच्या ओट्यावर. त्या गाडीने दोन बाळंतिणी वेळेवर दवाखान्यात पोहोचवल्या. तिला भंगारात घाला म्हणणाऱ्याशी मी बोलतसुद्धा नाही.

मुंबईत मात्र तिचा जमाना संपला. २००३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ चा ऑक्टोबर संपता संपता काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली.

माझी चूक

माझी पद्मिनी सध्या उलव्याला जावयांच्या नव्या गाडीशेजारी उभी असते. मागच्या पावसाळ्याआधी मी टाकी अर्धी भरून ठेवली आणि पेरणीला गावी आलो. दिवाळीच्या सुमारास परत गेलो, तर गाडीखाली ओल आणि पेट्रोलचा वास. इंधनाची रबरी नळी तडकून थेंब थेंब गळत होते. कुणी काडी ओढली असती तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

शेजारचे गृहस्थ म्हणाले, “काका, तुमच्या उसानेच तुमची गाडी बिघडवली.”

बोलणे मनाला लागले. पण राग गिळून मेस्त्रीकडून नीट समजून घेतले. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, आणि त्यातले बरेचसे उसाच्या रसापासून व मळीपासून होते. इथेनॉल ओलावा ओढून घेते. पाणी फार झाले की ते पाण्यासकट टाकीच्या तळाशी बसते आणि पत्रा गंजतो. जुन्या तऱ्हेचे रबर त्याने फुगते, चिरते. शिवाय लिटरमागे त्याची ताकद पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, त्यामुळे अॅव्हरेज थोडे कमी पडते. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे सामान या मिश्रणाला टिकेल असे केलेले आहे; जुन्यांचे तसे नाही. म्हणजे शेजाऱ्याचे म्हणणे निम्मे खरे. उरलेली निम्मी चूक माझी: तीस वर्षांची नळी बदलली नाही, आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवले.

हे आपण उघडपणे बोलले पाहिजे. इथेनॉलमुळे कारखान्याला पैसा मिळतो, त्यावर आपली बिले वेळेवर होण्याची आशा आहे. मग त्याचा गुण सांगताना पथ्यही सांगावे. आपल्यापैकी कितीजण फडावर पंधरा-वीस वर्षांची मोटारसायकल नेतात? त्यांनाही हेच लागू आहे.

सभासदांनी घ्यायची काळजी

१. जुन्या गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि वॉशर नव्या मिश्रणाला चालतील असे बसवून घ्यावेत. फिल्टर वेळेवर बदलावा.

२. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये. टाकीचे झाकण घट्ट असावे. बॅटरीची तार सोडावी.

३. उलव्यासारख्या खाडीकाठी खाऱ्या हवेने पत्रा खालून खातो. गोड्या पाण्याने चाकांच्या कमानी आणि तळ धुवावा. दाराच्या खालची पाणी जायची भोके मोकळी ठेवावीत. ओल्या गाडीवर प्लास्टिक झाकू नये.

४. नव्या गाडीत चोक नाही, कार्बोरेटर नाही. सगळा कारभार कॉम्प्युटरचा. तिथे पान्हा घेऊन बसू नये. इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर मेस्त्रीला दाखवावे. ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी जागीच थांबवावी. रेडिएटरमध्ये नुसते पाणी न घालता कूलंट घालावे.

५. उंदीर वायरी कुरतडतात. उलव्याला काय आणि आपल्या गोठ्यात काय, उंदीर सारखाच. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघावे.

६. टायरवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुना टायर नक्षी शाबूत दिसली तरी दगा देतो.

नळी बदलायला खर्च किरकोळ आला. पद्मिनी पुन्हा सुरू झाली. नातवाला शेजारी बसवून खाडीपर्यंत फेरी मारली. शेजारचे गृहस्थही मागे बसले होते. उतरताना त्यांनीच विचारले, “काका, माझ्या जुन्या स्कूटरची नळी कुठली घेऊ?”

सभासदांनीही येत्या पावसाळ्याआधी आपल्या जुन्या गाड्यांच्या नळ्या एकदा तपासून घ्याव्यात, ही विनंती.